गत बांधावयास केव्हां शिकावें?

गेल्या महिन्याच्या टपालांत एका भगिनींचें पत्र आलें. त्यांची १४ वर्षांची कन्या तीन वर्षें सतार शिकत आहे. पंधराएक गती तिला तोंडपाठ आहेत व हातही बरा बसला आहे. असें असतां तिच्या शिक्षकांनीं एके दिवशीं तिची वही मिटविली व "चार आठवडे नवी गत मिळणार नाहीं, यमनाची एक गत तूंच बांधून आण," असें सांगितलें. घरांतील वडील मंडळींस हा प्रकार रुचला नाहीं. एका पक्षाचें म्हणणें, फी घेऊन शिकविण्याचें काम शिष्येवरच टाकणें हें अंग चोरणें आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, जिला अजून 'झाला' स्वच्छ वाजवितां येत नाहीं तिनें गत बांधावयास बसणें हा थोर उस्तादांच्या विद्येचा उपमर्द आहे. मुलगी मात्र रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या बोटांच्या पेरांवर मात्रा मोजीत असते. शिक्षक बदलावे कीं काय, असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, शिक्षक बदलूं नयेत. परंतु वडील मंडळींचे दोन्ही आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगे नाहींत, म्हणून या महिन्याचें सदर त्यांच्याकडेच लावीत आहों.

ज्यांच्या घरीं सतार नाहीं अशा वाचकांसाठीं आधीं थोडें स्पष्टीकरण केलें पाहिजे. गाण्यांत जी जागा चिजेची, ती वाद्यांत गतीची. राग हा मोठा मुलूख. गत ही त्यांतली एक ठरलेली पायवाट. वादक आलाप आटोपून तबल्याबरोबर निघतो तो या वाटेनें, आणि इकडेतिकडे कितीही भटकला तरी परत येतो तो हिच्यावरच. गत असते लहानशी. त्रितालांत बांधली तर तिचा मुख्य भाग सोळा मात्रांचा. विलंबित लयींतही अर्ध्या मिनिटांत संपून पुन्हां सुरू होणारा. गवयाला चिजेंत शब्दांचा आधार असतो. स्वर जरा निस्तेज पडला तर शब्द त्याला सांवरून घेतो. सतारीला हा आधार नाहीं. तिचे शब्द म्हणजे उजव्या हाताच्या तर्जनींतील नखीचे आघात. तार आंत ओढली कीं 'दा', बाहेर लोटली कीं 'रा', आणि दोन्ही आघात एका मात्रेंत जलद केले कीं 'दिर'. 'दा' वजनदार, 'रा' हलका. सतारीची सारी वाणी या मूठभर अक्षरांतून उभी राहिली आहे.

या अक्षरांची एक ओळ दिल्लीचे मसीतखाँ यांनीं अठराव्या शतकांत बसवून दिली असें परंपरा सांगते. ती ओळ अशी :

दिर दा दिर दा रा दा दा रा

आठ मात्रांची ही ओळ दोनदां वाजली कीं सोळा मात्रा भरतात. गंमत अशी कीं, ती समेपासून सुरू होत नाहीं. ती उचलावयाची १२ व्या मात्रेला. म्हणजे पहिलीं पांच अक्षरें हा मुखडा, आणि सहावें जें वजनदार 'दा' तें नेमकें समेवर पडतें. पुढें लखनौकडे रझाखाँच्या नांवानें जलद गतींचा निराळा बाज निघाला. त्यांत 'दिर'ची रेलचेल अधिक आणि मुखड्याची जागाही इतकी ठाम नाहीं. नवशिक्याला मसीतखानी बरी, कारण तिच्यांत लय संथ असते व विचाराला अवसर सांपडतो.

आतां या योजनेकडे बांधणाराच्या दृष्टीनें पाहावें. ताल ठरलेला आहे. बोल ठरलेले आहेत. मुखडा कोठून उचलावयाचा तेंही ठरलेलें आहे. रागाचे नियम गुरूनें सांगितलेच आहेत. शिष्यानें भरावयाचे ते स्वर, आणि तेही सोळा मात्रांपुरते! हें आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित वाटूं नये. जुन्या शाळांतून मुलांना अनुष्टुभ् किंवा भुजंगप्रयात शिकविला कीं शास्त्रीबुवा चौथा चरण देऊन पहिले तीन करून आणावयास सांगत. त्याला समस्यापूर्ति म्हणत. मुलें जीं कवनें करून आणीत तीं बहुतेक यथातथाच असत. पण त्यांनीं कालिदासाचा उपमर्द केला असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट, ज्यानें स्वतः एकदां यतीशीं झुंज घेतली आहे त्यालाच कालिदासाच्या ओळींतील सहजपणा कळतो. मसीतखानी ही सतारीच्या विद्येंतील एक वृत्तच आहे. वृत्त हें नुसतें पाठ म्हणण्यासाठीं नसतें.

मग हा अभ्यास पूर्वीं शिकविलेला कां दिसत नाहीं? आमच्या मतें तो शिकविला जात होता, पण दिसत नव्हता. गत ही पूर्वीं मालमत्ता होती. उस्ताद ती सहसा कोणास देत नसत. तबल्याच्या घराण्यांत तर लेकीच्या हुंड्यांत गती दिल्याच्या आख्यायिका आहेत. शिष्य वर्षानुवर्षें गुरुगृहीं राही, पाणी भरी, तंबोरे पुशी, आणि भिंतीपलीकडून गुरूचा रियाज ऐके. एकाच गतीचा मुखडा गुरु आज असा वळवितो, उद्यां तसा वळवितो, हें त्याच्या कानावरून शेंकडों वेळां जाई. त्याला कोणी "आतां गत बांध" असें सांगत नसे. एके दिवशीं ती त्याच्या हातून बांधली जाई.

पुढें स्वरलिपि आली. १८७२ सालीं कलकत्त्यास सौरींद्रमोहन टागोर यांचें 'यंत्रक्षेत्रदीपिका' हें सतारीचें पुस्तक निघालें. १८७४ सालीं पुण्यांत गायन समाज स्थापन झाला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें, आणि तरुणपणीं स्वतः सतार शिकलेले पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं घराण्यांच्या कुलुपांतील शेंकडों चिजा लिहून छापून मोकळ्या केल्या. या मंडळींचे आपल्यावर अनंत उपकार आहेत. त्यांच्यावांचून आमच्या घरांतून, विशेषतः मुलींच्या हातांत, सतार आलीच नसती. परंतु गत वहींत आली तशी तिच्याबरोबर एक व्याधिही आली. ती म्हणजे मोजणी. अमक्या परीक्षेला इतके राग, इतक्या गती. गुरूच्या घरीं भिंतीपलीकडून जें कानांत शिरत होतें तें वहींत उतरत नाहीं. उतरते ती तयार झालेली गत, घोटून गुळगुळीत झालेली, जणूं ती अशीच जन्मली. हल्लीं तर मोबाइलवर घरबसल्या हव्या तितक्या गती ऐकावयास मिळतात. ज्याच्यापाशीं शंभर आहेत त्याला एकशेंपहिली स्वतः बांधण्याचें कारण काय, असें कोणास वाटलें तर नवल नाहीं.

हा पेंच आपल्याच देशांत पडला असें नाहीं. जर्मनींतील क्योथेन या गांवीं योहान सेबास्तियान बाख या संगीतकारानें १७२० सालीं आपला वडील मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठीं एक वही घातली. मुलगा तेव्हां नऊ वर्षांचा होता. या वहींत बापानें मुलाला वाजविण्यासाठीं ज्या लहान लहान रचना लिहिल्या त्यांतूनच १७२३ सालीं दोन स्वरावलींच्या पंधरा व तीन स्वरावलींच्या पंधरा अशा तीस रचनांचा संग्रह सिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर बापानें हेतु स्पष्ट सांगितला आहे : विद्यार्थ्याला स्वच्छ वाजवितां यावें, आणि त्याबरोबरच नवी कल्पना कशी सुचते व ती कशी फुलवितात याची गोडी लागावी. हें घराणें पिढ्यान् पिढ्यांच्या वाजविणारांचें; मुलें बापाजवळ, भावाजवळ, चुलत्याजवळ शिकत. दुसरा मुलगा एमान्युएल यानें वृद्धपणीं, १७७५ सालीं, एका पत्रांत लिहून ठेविलें आहे कीं, वडील रचना शिकवितांना पहिल्यापासूनच शिष्याकडून स्वतःची कल्पना मागत, आणि ज्याला ती मुळींच सुचत नसे त्याला या वाटेला जाऊंच नको म्हणून सांगत. यांतला पूर्वार्ध आम्हांस शिरसावंद्य आहे. उत्तरार्ध मात्र पटत नाहीं. ज्याला पोटासाठीं रचना करावयाची आहे त्याला तो नियम लावावा. घरीं बसून सतार वाजविणाऱ्या मुलीला तो लावण्याचें कारण नाहीं.

याविषयीं आम्ही इतक्या आग्रहानें लिहितों त्याला घरचाच दाखला आहे. आमची पुतणी चार वर्षें सतार शिकली, परीक्षा दिल्या, गुणही चांगले मिळविले. आणि सोळाव्या वर्षीं तिनें सतारीला गवसणी घातली ती काढीचना. मिरजेच्या कारागिरांनीं केलेली चांगली सतार ती. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां तिच्या आजीनें तें वृत्त मोठ्यानें वाचून दाखविलें, कीं निदान अभिमानानें तरी पोर गवसणी सोडील. पोरीनें सोडली नाहीं. कारण विचारलें तेव्हां म्हणाली, "काका, मी वाजवितें तें सगळें दुसऱ्या कोणाचें तरी आहे. माझ्याकडे काम एवढेंच, कीं चुकूं नये." या उत्तरावर आम्हांस बोलतां येईना. तिच्या शिक्षकांच्या कानावर घातलें. त्यांनीं रागें भरण्याऐवजीं तिला यमनाची गत बांधून आणावयास सांगितलें. आमच्या पत्रलेखिकेच्या कन्येस सांगितली तशीच.

यमनच कां, तर तो कानांत मुरलेला असतो आणि त्यासाठीं सतारीचे पडदे सरकवावे लागत नाहींत.

तिची पहिली गत अशी होती. मुखडा : सासा, रे, गग, तीव्र म, प, आणि सम धैवतावर. एकही स्वर वर्ज्य नाहीं, बोल बरोबर, मात्रा बरोबर. शिक्षकांनीं ती दोनदां वाजवून घेतली व म्हणाले, "हा जिना झाला. जिन्यावर कोणी राहत नाहीं." त्यांचें म्हणणें असें कीं, सा पासून ध पर्यंत एकेक पायरी चढत जाणें म्हणजे थाट मोजून दाखविणें, यमन नव्हे. यमनाचा जीव गंधारांत व निषादांत. त्याची चाल मंद्र निषादावरून, षड्जाला बगल देऊन, रिषभावरून गंधारावर जाण्याची. हें तिला पाठ होतें. परीक्षेंत तिनें लिहिलेंही होतें. पण लिहिलेलें ज्ञान बोटांत उतरण्याची वेळ ही अशी पहिल्यानेंच आली.

दुसरी गत आठवड्यानें आली. गग, रे, गग, रे, मंद्र नि. आणि सम षड्जावर. या वेळीं माजघरांत आजींनीं हातांतली माळ थांबवून "हा यमन" म्हणून ओळखला, तेव्हां पोरीचा चेहरा खुलला. शिक्षकांनींही मान डोलविली, पण पुढें विचारलें, "समेवर सा आला, म्हणजे तूं घरीं पोंचलीस. आतां उरलेल्या मात्रा काय ओसरीवर बसून काढणार?" आणि झालें होतें तसेंच. समेनंतर ती पंचमापर्यंत उगीच जाऊन परत आली होती. षड्जावर सम असलेल्या उत्तम गती पुष्कळ आहेत. परंतु तेथें विसांवा घेऊन पुन्हां उठावयाला हातांत बळ लागतें. नवशिक्यानें सम अशा स्वरावर ठेवावी कीं जेथें थांबतांही येईल व जेथून निघावेंसेंही वाटेल.

तिसऱ्या गतीला तीन आठवडे लागले. मधल्या काळांत गवसणी कधीं निघाली हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. ही गत आम्ही येथें देतों. म हा अर्थात् तीव्र, नि दोन्ही ठिकाणीं मंद्र.

मुखडा, मात्रा १२ ते १६ : गग, रे, सासा, नि, रे
सम व पुढें, मात्रा १ ते ११ : ग, म, प, धध, प, मम, ग, रे, नि, रे, सा

सतार हाताशीं असेल त्यांनीं वाजवून पाहावी. मुखडा गंधारावरून खालीं उतरतो, मंद्र निषादाला शिवतो आणि तेथून उचल घेऊन पुन्हां गंधारावरच समेला येतो. विहिरींत पोहरा सोडून वर ओढावा तसा. यांत शिक्षकांचा हात एकाच ठिकाणीं आहे. शेवटच्या तीन मात्रा तिनें 'ग, रे, सा' अशा लिहिल्या होत्या. त्यांनीं त्यांतला ग खोडून नि केला. "लगेच मुखड्यांत गंधार यावयाचा आहे, समेवरही तोच यावयाचा आहे. त्याच्या आधींच त्याला इतक्या वेळां बोलाविलास तर त्याची अपूर्वाई काय राहिली?" पुतणी सांगते कीं, चार वर्षांत शिकलेल्या सर्व गतींहून हें एक वाक्य तिला अधिक उपयोगी पडलें. एका स्वराची खाडाखोड, पण ती आपल्या गतींत झाली म्हणून कळली. दुसऱ्याच्या गतींत तो निषाद कित्येकदां येऊन गेला असेल. तो तसा कां, असें विचारावयाचें कोणाला सुचलें होतें?

मग तोडे आले. येथें आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा, जो तबला वाजवितो, तो कामास आला. तोड्याच्या शेवटीं तिहाई घ्यावयाची, म्हणजे एकच तुकडा तीन वेळां वाजवून गतीच्या मुखड्यास येऊन मिळावयाचें. समेपासून निघालें तर मुखड्यापर्यंत ११ मात्रा हातीं असतात. पुतणीनें चार मात्रांचा तुकडा केला, मध्यें एकेक मात्रा विश्रांति : चार, एक, चार, एक, चार. बेरीज १४. मुखडा केव्हांच निघून गेला होता, व तबल्यावर बसलेले चिरंजीव खो खो हंसत होते. दुसऱ्या दिवशीं तिनें तीन मात्रांचा तुकडा केला. तीन, एक, तीन, एक, तीन. बरोबर ११, आणि बाराव्याला मुखडा हजर. पुढें तिला हेंही उमगलें कीं, समेवरून निघून पुढच्या समेवरच येऊन आदळावयाचें असेल तर दोन्ही समा धरून १७ मात्रा होतात, व तेथें पांच मात्रांचा तुकडा चपखल बसतो. हीं गणितें कोणत्याही पुस्तकांत सांपडतील. पण जेवतांना पानावर बोटानें रेघा ओढून तीं काढणाऱ्या मुलीला पुस्तकाचें काय? आजींनीं "आधीं भात आटप" म्हणून तिला दटावलें, एवढाच काय तो विरोध त्या महिन्यांत झाला.

गत घरांत सर्वांसमोर वाजली तेव्हां आमच्या वडील बंधूंनीं एक शंका काढली : "ही गत कोठें तरी ऐकल्यासारखी वाटते." शंका खरी होती. मसीतखानी बोलांत, यमनांत, गंधारावर सम ठेवून बांधलेल्या गती एकमेकींच्या चुलत बहिणी दिसावयाच्याच. आपल्या संगीतांत अपूर्वतेचा हिशेब वेगळा आहे. चीज बांधणारा निदान आपली मुद्रा शब्दांत घालूं शकतो. भातखंडे यांनीं 'चतुर' या नांवानें व त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनीं 'सुजान' या नांवानें चिजा बांधल्या, आणि ती चीज कोणीही म्हटली तरी नांव तिच्याबरोबर जातें. गतीला शब्द नाहींत. तींत नांव घालावयास जागा नाहीं. चांगली गत दोनचार हातांतून गेली कीं निनांवी होते. हें मुलांना आधींच सांगून ठेवावें. गत बांधून नांव होत नाहीं हें कळल्यावरही जी मुलगी दुसरी गत बांधावयास बसते, तिच्याविषयीं उपमर्दाची चिंता बाळगण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आतां पहिल्या पक्षाचा आक्षेप, अंग चोरण्याचा. हा आक्षेप कित्येक ठिकाणीं खरा असूं शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. शिक्षक मुलीची फसलेली गत पुरी ऐकून घेतात कीं नाहीं? "ही चांगली नाहीं" एवढेंच म्हणतात, कीं अमक्या मात्रेला अमका स्वर कां नको तें सांगतात? तयार गत शिकवावयास एक तास पुरतो. फसलेली गत दुरुस्त करावयास शिक्षकाला स्वतः विचार करावा लागतो. तेव्हां हें काम मन लावून करणारा शिक्षक फी वांचवीत नसून अधिक कष्ट घेत आहे. ज्यांनीं काम सांगितलें पण ऐकावयास बसले नाहींत, त्यांच्याबद्दल मात्र आमच्या भगिनींनीं जरूर फेरविचार करावा.

या कष्टांचें एक मोठें उदाहरण मैहरचें आहे. १९१८ च्या साथींत पोरकीं झालेलीं मुलें जमवून उस्ताद अल्लाउद्दीनखाँ यांनीं तेथें वाद्यवृंद उभा केला. मुलें कलावंतांच्या घरचीं नव्हतीं, लिहितांवाचतां येण्याचीही मारामार. त्यांच्या हाताला जेवढें पेलेल तेवढ्या मापानें उस्तादांनीं रागांतल्या लहान लहान रचना बांधल्या आणि कानानें बसवून घेतल्या. बंदुकीच्या नळ्या कापून 'नलतरंग' नांवाचें वाद्यही त्यांनींच तयार केलें. ज्यांच्याजवळ रविशंकर, अलीअकबर, अन्नपूर्णादेवी, निखिल बॅनर्जी शिकले त्या गुरूला अशा मुलांसाठीं दोनचार मिनिटांच्या चाली बांधणें हलकें वाटलें नाहीं. लहान रचना हें हलकें काम आहे असें समजणारांनीं तो वृंद ऐकावा. तो आजही आहे.

पत्रलेखिकेस व्यवहाराच्या चार गोष्टी सांगावयाच्या त्या अशा. मुलीनें गत आधीं गुणगुणावी, मग वाजवावी, आणि लिहावी सर्वांत शेवटीं. उलट क्रमानें बांधलेली गत कागदावर नेटकी दिसते व तारेवर मरते. ठेक्यासाठीं यंत्र लावलें तरी चालेल, पण एखाद्या दिवशीं आजोबांनीं मांडीवर हातानें ताल धरावा. चुकलेली सम माणसाच्या चेहऱ्यावर जितकी स्पष्ट दिसते तितकी यंत्रावर दिसत नाहीं. पहिल्या मसुद्यांची पानें फाडूं देऊं नयेत. आणि कृपा करून त्या गतीचें ध्वनिमुद्रण करून सगळ्या नातलगांच्या मोबाइलवर धाडूं नये. वाहवा फुकट मिळते, आणि ती मिळाल्यावर नववी मात्रा खोडावयास कोणाचा हात धजत नाहीं.

आमच्या पुतणीविषयीं आणखी सांगावयाचें तर ती मैफलीची वादक झाली नाहीं व होण्याचा तिचा मानसही नाहीं. तिचें ऐकणें मात्र पालटलें आहे. पूर्वीं विलायतखाँ किंवा निखिलबाबूंचें ध्वनिमुद्रण लागलें कीं "काय तयारी आहे!" म्हणे, आतां मध्येंच हात वर करून सर्वांना गप्प करते, कारण मुखडा नेहमींपेक्षां निराळा वळलेला असतो. त्रितालांत पांचसहा गती बांधून झाल्यावर सध्यां ती रूपकाच्या नादीं लागली आहे. रूपकाच्या मात्रा सात, मसीतखानीचे बोल आठ. एक अक्षर गाळणें प्राप्त आहे. पुतणीच्या मतें आरंभींचा 'दिर' गाळावा. तबलजी चिरंजीवांच्या मतें 'दिर' गेला तर मसीतखानीचा तोंडवळाच गेला. त्यापेक्षां शेवटच्या दोन 'दा'पैकीं एक जावा. थोरले बंधू दोघांच्याही विरुद्ध आहेत. दोन्ही तऱ्हा वाजवून पाहिल्याखेरीज निकाल लागावयाचा नाहीं, आणि सतारीची बाजाची तार परवां तुटली आहे.